ट्रकचा बिघाड पुन:पुन्हा का उद्भवतो?

प्रतिनिधी, मुंबई

न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर बोरघाटात रात्री बंद पडला, तर दोष इंजिनाचाच असेल असे नाही. अनेकदा इंजिन ठणठणीत असते. गाडी अडते ती विजेच्या जोडणीतील क्षुल्लक वाटणाऱ्या त्रुटीमुळे. बॅटरी नवी घातली जाते, आठवडाभरात सेल्फ पुन्हा उचलत नाही. मग अल्टरनेटर बदलला जातो, तरीही दिवे मंदच राहतात. हजारो रुपये खर्चूनही तोच बिघाड परतून येतो. याचे कारण साधे आहे. दरवेळी सुटा भाग बदलला जातो, दोषाचे मूळ मात्र शोधले जात नाही.

पूर्वीच्या ट्रकमध्ये विजेचे काम सेल्फ, दिवे आणि हॉर्न यांपुरते मर्यादित होते. एकदा सुरू झालेले डिझेल इंजिन विजेवाचूनही चालत राही. ही स्थिती आता उरलेली नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘बीएस-६’ मानके लागू झाली आणि इंधनाचा पुरवठा, धुराचे शुद्धीकरण, युरियाच्या द्रावणाची फवारणी ही सारी कामे संगणकीय नियंत्रकाच्या हाती गेली. त्याला माहिती पुरवणारे बहुतेक सेन्सर अवघ्या पाच व्होल्टवर चालतात. जोडणी गंजून त्यात अर्ध्या व्होल्टचा जरी फरक पडला, तरी नियंत्रकाला चुकीची माहिती मिळते. शुद्धीकरण यंत्रणेत दोष असल्याचा त्याचा समज झाला, तर तो इंजिनाची ताकदच कमी करतो. दोष असतो तारेत आणि बदलला जातो महागडा सेन्सर, असे प्रकार यातूनच घडतात.

जड वाहनांची विद्युत यंत्रणा २४ व्होल्टची असते. त्यासाठी १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या असतात. टेप, पंखा, मोबाइलचा चार्जर किंवा केबिनमधील रोषणाई १२ व्होल्टवर चालत असल्याने रस्त्याकडेचे कारागीर त्यांची तार दोहोंपैकी एकाच बॅटरीवरून ओढतात. ती बॅटरी सतत उपाशी राहते. अल्टरनेटर मात्र दोन्ही मिळून व्होल्टेज मोजतो. त्यामुळे दुसऱ्या बॅटरीत गरजेपेक्षा अधिक भार जातो आणि तिचे पाणी आटते. काही महिन्यांत दोन्ही निकामी होतात व खापर बॅटरीच्या दर्जावर फुटते. वास्तविक २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसविल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरे प्रमुख कारण म्हणजे अर्थिंग. ट्रकमध्ये विजेचा परतीचा मार्ग चासीच्या लोखंडातून जातो. पावसाळ्यातील चिखल, बंदर परिसरातील खारी हवा आणि जोराच्या फवाऱ्याने होणारी धुलाई यांमुळे अर्थच्या बोल्टखाली गंज साचतो. ट्रेलरच्या बाबतीत दिव्यांचा सारा पुरवठा पुढच्या गाडीशी जोडणाऱ्या केबलमधून होतो. त्या प्लगमधील अर्थची पिन सैल झाली की ब्रेक दाबताच इंडिकेटर मिणमिणतो, मागचे दिवे मंदावतात. खड्डा ओलांडला की सारे पूर्ववत! असा लपंडाव खेळणारा दोष गॅरेजमध्ये उभ्या गाडीत सहसा सापडत नाही.

वस्तुत: तपासणीचा क्रम अवघड नाही. इंजिन बंद असताना प्रत्येक बॅटरीचे व्होल्टेज स्वतंत्र मोजावे. पूर्ण भारलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन सुरू केल्यावर दोन्ही मिळून साधारण २८ व्होल्ट दिसावेत. त्यानंतर सेल्फ मारताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा सांगाडा यांमधील व्होल्टेज पाहावे. ते एका व्होल्टपेक्षा अधिक भरले, तर अर्थिंगमध्ये दोष आहे असे समजावे. नियंत्रकांना जोडणाऱ्या दोन तारांमधील रोध बॅटरी तोडून मोजल्यास सुमारे ६० ओहम यायला हवा. तो १२० आल्यास टोकाचा एक रोधक किंवा तार तुटलेली असते. हे सारे साध्या मल्टिमीटरने होते. सुटे भाग बदलण्याची पाळी त्यानंतरची.

मग हा क्रम पाळला का जात नाही? उत्तर व्यवसायाच्या अर्थकारणात आहे. देशातील मालवाहतुकीचा मोठा हिस्सा मोजक्या गाड्या बाळगणाऱ्या लहान मालकांच्या हाती आहे. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे ‘आत्ता चालू करून द्या’ एवढीच अपेक्षा असते. दोन तास तार तपासणाऱ्या कारागिराला त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही. नवा भाग बसवला की मात्र बिल निघते. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याजागी तांब्याची तार बसविली जाते, ती याच घाईपोटी. फ्यूज उडणे ही सूचना असते. ती बंद केली की पुढची सूचना धुराच्या रूपाने मिळते.

हा प्रश्न केवळ मालकाच्या खिशाचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला आणि त्या वर्षी मागून धडक बसण्याच्या अपघातांचे प्रमाण मोठे होते. मागचे दिवे न लागणारा ट्रेलर रात्रीच्या अंधारात महामार्गावर उभा असणे म्हणजे काय, हे त्यावरून उमगावे. वाहनाला योग्यता प्रमाणपत्र मिळते ते तपासणीच्या दिवशीच्या स्थितीवर. अधूनमधून डोके वर काढणारा दोष त्या चाळणीतून सहज निसटतो.

नव्याने तयार होणाऱ्या मध्यम व जड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीचे झाले आहे. चालकांच्या दृष्टीने हे स्वागतार्हच. पण त्याने विजेवरचा भार आणि जोडण्यांची संख्या वाढणार हेही खरे. गाड्या बदलल्या, मानके बदलली. दुरुस्तीची पद्धत मात्र फ्यूजऐवजी तार बसविण्याच्या काळातच राहिली आहे. कळंबोलीसारख्या ट्रकतळांवरील कारागिरांना नव्या यंत्रणेचे प्रशिक्षण आणि दोष शोधण्याच्या कामाला स्वतंत्र मोबदला, या दोन गोष्टी झाल्याशिवाय हे चक्र थांबणार नाही. तोवर बॅटऱ्या बदलत राहतील आणि महामार्गावर अंधारात उभे ट्रेलरही दिसत, किंबहुना न दिसत, राहतील.