संसर्गाच्या परिषदेत रुग्ण कुठे?

बरे व्हायला रुग्णालयात गेलेला माणूस तिथूनच नवा रोग घेऊन येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत दाखल झालेल्या दर १०० रुग्णांपैकी १५ जणांना असा संसर्ग होतो. श्रीमंत देशांत ७ जणांना. तो रोखण्यासाठी परिषदा भरतात, पण तिथे रुग्ण बहुधा आकडा म्हणूनच हजर असतो! २००६ च्या लंडन जाहीरनाम्यात पीडित रुग्णांनी बरोबरीची भागीदारी मागितली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली रुग्णाला ग्राहक मानले. मात्र सर्वांवर मोफत उपचार करणारी रुग्णालये त्यातून वगळली. म्हणजे गरिबाला ती दादही नाही. डॉक्टरांनी हात धुतले की नाही, हे खाटेवरचा माणूस पाहत असतो. म्हणून आम्ही म्हणतो, परिषदेचे विषय ठरवणाऱ्या समितीतच रुग्णांना प्रतिनिधित्व द्या. सहानुभूती नको, हक्क हवा!