न बोलणाऱ्या फाइलसिस्टिमचे गोडवे

लिनक्सवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत फाइलसिस्टिमचा विषय निघाला की निकाल ठरलेला असतो: एक्स्ट-४ लावा आणि निर्धास्त राहा, बीटीआरएफएसच्या नादी लागलात तर एक दिवस डेटा गमावून बसाल. पुरावा मागितला तर ऐकू येते, "इतकी वर्षे एक्स्ट-४ वापरतोय, कधी एक एररसुद्धा आली नाही." असे म्हणणारी माणसे अडाणी नसतात, त्यांतली कित्येक सर्व्हर सांभाळूनच पोट भरतात. म्हणून त्यांचे म्हणणे आधी नीट मांडायला हवे आणि मगच खोडायला हवे. माझा पक्ष थोडक्यात असा: एरर न येणे वेगळे आणि डेटा सुखरूप असणे वेगळे. बिघाड कुठे ना कुठे होणारच. तो झाल्यावर फाइलसिस्टिमने तो कबूल केला की गिळला, यावर तिची पारख व्हावी.

पूर्वपक्ष तीन आधारांवर उभा आहे. पहिला जर्नलचा, दुसरा वयाचा, तिसरा एररच्या भीतीचा.

जर्नल आहे, मग वीज गेली तरी काय?

एक्स्ट-२ च्या काळात वीज गेली की मशीन पुन्हा सुरू होताना एफएससीके अख्खी डिस्क तपासत बसायचे. स्टीफन ट्वीडी यांची जर्नल असलेली एक्स्ट-३ नोव्हेंबर २००१ मध्ये २.४.१५ या कर्नलमध्ये दाखल झाली आणि ही कटकट संपली. वीज जाणे ही जिथे बातमी होत नाही, अशा आपल्या भागांत या सोयीचे मोल जास्तच. पण सोयीबरोबर एक भलता समजही रुजला: जर्नल म्हणजे डेटाची हमी.

जर्नल नेमके काय राखते? नेहमीच्या 'ऑर्डर्ड' पद्धतीत त्यात फक्त मेटाडेटा जातो, म्हणजे फाइलचे नाव, आकार, तिचे ब्लॉक कुठे आहेत वगैरे. दुकानदाराची कीर्द शेवटच्या ओळीपर्यंत चोख असेल, पण पोत्यात गहू आहे की भुसा हे कीर्द वाचून कळत नाही. जर्नलचा वायदाही तेवढाच आहे: हिशेब जुळेल. मालाबद्दल त्याने कधी शब्द दिलेला नाही.

याचा रोकडा अनुभव २००९ च्या सुरुवातीला आला. उबुंटू ९.०४ ची चाचणी आवृत्ती एक्स्ट-४ वर चालवणाऱ्यांचे मशीन अडकले, त्यांनी रीबूट केले, आणि पाहतात तर केडीई आणि ग्नोमच्या सेटिंगच्या फाइली जागेवर होत्या, पण आकार शून्य बाइट. एफएससीकेला विचारावे तर सगळे आलबेल! फाइलसिस्टिमच्या दृष्टीने काहीही बिघडले नव्हते.

झाले होते ते असे. प्रोग्रॅम सेटिंगची नवी प्रत तात्पुरत्या नावाने लिहायचा आणि रिनेम करून जुन्या नावावर चढवायचा. मध्ये एफसिंक, म्हणजे 'हा डेटा आत्ताच डिस्कवर पक्का कर' अशी कर्नलला मागणी, करायचा नाही. एक्स्ट-३ साधारण दर पाच सेकंदांनी जर्नल पक्के करताना आधी त्या फाइलींचा डेटा डिस्कवर ढकलत असे, म्हणून हा आळस खपून गेला. एक्स्ट-४ मध्ये 'डिलेड अलोकेशन' आले. डेटासाठी जागा नेमणेच लांबणीवर पडू लागले, अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त. रिनेमची नोंद मात्र पाच सेकंदांत जर्नलमध्ये पक्की. मधल्या काळात मशीन बंद पडले की जुने नाव नव्या, रिकाम्या फाइलकडे बोट दाखवत राही, आणि जुना मजकूर गेलेला असे.

एक्स्ट-४ सांभाळणारे थिओडोर त्सो यांनी तेव्हा बाजू मांडली की पॉझिक्सने, म्हणजे युनिक्सच्या प्रमाण नियमांनी, असे वचन दिलेलेच नाही. डेटा हवा असेल तर एफसिंक करा. कायद्याने ते बरोबरच होते. पण प्रोग्रॅम लिहिणारे एफसिंक टाळायला शिकले ते एक्स्ट-३ मुळेच. तिथे एका फाइलचा एफसिंक बाकीच्या फाइलींचा साचलेला डेटाही डिस्कवर ओतायला लावायचा. २००८ साली फायरफॉक्स ३ वारंवार एफसिंक करू लागला, तेव्हा लिनक्सवर तो अडखळू लागला आणि लोक वैतागले. शेवटी २.६.३० कर्नलमध्ये एक्स्ट-४ ने माघार घेतली: जुन्या फाइलवर रिनेम झाले तर नव्या फाइलच्या डेटाला लगेच जागा नेमायची. नियमावर बोट ठेवणाऱ्यांनाही चालत आलेल्या सवयीशी अशी तडजोड करावी लागली.

खरी पद्धत आजही तीच आहे: तात्पुरत्या नावाने लिहा, एफसिंक करा, त्याचे उत्तर तपासा, रिनेम करा, मग डिरेक्टरीचाही एफसिंक करा. यातली एखादी पायरी गाळणारे फक्त नवशिके असतात असेही नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली ११ नामवंत प्रोग्रॅम तपासले. त्यांत गिट होते, एसक्यूलाइट होते, लेव्हलडीबी होते. मशीन अचानक बंद पडल्यास डेटा धोक्यात येईल अशा ६० जागा सापडल्या. त्याखाली डिस्क आहेच. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ एसएसडींची वीज मुद्दाम तोडून पाहिली, तेव्हा १३ एसएसडी या ना त्या प्रकारे चुकल्या. वर प्रोग्रॅम चुकतो, खाली डिस्क चुकते, आणि मधल्या जर्नलच्या भरवशावर आपण निवांत झोपतो.

जुने ते सोने?

दुसरा आधार वयाचा. एक्स्ट-४ डिसेंबर २००८ पासून स्थिर म्हणून जाहीर आहे. एवढ्या वर्षांत सगळे खाचखळगे बुजले असणार, असे म्हणतात. वयाला किंमत आहे, हे मान्य. पण तुमच्या मशीनवर जे चालते ते २००८ चे एक्स्ट-४ नसते. या आठवड्यात आलेल्या कर्नलमधले असते.

डिसेंबर २०२३ आठवून पाहा. डेबियन १२.३ बाहेर पडायच्या बेतात होती आणि ऐन वेळी ती थांबवावी लागली. ६.१.६४ कर्नलमध्ये एक्स्ट-४ वरचा डेटा बिघडवणारी चूक निघाली होती. पुढच्या कर्नलमधला एक पॅच जुन्या, 'स्थिर' मालिकेत आणला गेला; तो ज्या दुसऱ्या बदलावर अवलंबून होता तो मागेच राहिला. डेबियनने १२.३ सोडूनच दिली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढली. सगळ्यात सोवळी वितरणे ज्या मालिकेवर विसंबतात, तीच इथे घसरली. ती चूक वेळेत पकडून जाहीर केल्याबद्दल डेबियनचे कौतुकच करायला हवे, पण 'जुने म्हणून सुरक्षित' हे सूत्र त्यातून वाचत नाही.

उलटही घडते. २०१८ च्या शेवटी ४.१९ कर्नल वापरणाऱ्यांच्या एक्स्ट-४ फाइलसिस्टिम बिघडू लागल्या आणि सगळ्यांनी एक्स्ट-४ ला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. तपासाअंती दोष निघाला खालच्या ब्लॉक-थरात, डिस्ककडे जाणाऱ्या विनंत्या हाताळणाऱ्या बीएलके-एमक्यू या भागात. चोर सोडून संन्याशाला फाशी! म्हणजे एक्स्ट-४ ची कीर्ती आणि अपकीर्ती, दोन्ही पुष्कळदा तिच्या स्वतःच्या कर्तबगारीच्या नसतात.

एरर देते म्हणजे वाईट?

तिसरा आधार सगळ्यात ठिसूळ आणि तरीही सगळ्यात लोकप्रिय. कुणीतरी बीटीआरएफएस लावतो, काही महिन्यांनी लॉगमध्ये चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा, जुळत नसल्याच्या ओळी येतात, एक फाइल उघडायला नकार मिळतो. तो वैतागून त्याच डिस्कवर, त्याच रॅमवर एक्स्ट-४ टाकतो आणि जाहीर करतो, "प्रश्न सुटला!" कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. एक्स्ट-४ आणि एक्सएफएस आपल्या मेटाडेटाचा चेकसम ठेवू शकतात; तुमच्या फाइलींतल्या मजकुराचा ठेवत नाहीत. डिस्कने फोटोच्या मधोमध चुकीचे बाइट परत दिले तर त्या ते इमानदारीने तुमच्या हाती ठेवतात. एरर येत नाही, कारण एरर ओळखायची सोयच नाही.

हे इतके दुर्मीळ असते का? २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १५.३ लाख डिस्कची ४१ महिन्यांची नोंद तपासली गेली. डिस्कने 'वाचले' म्हणून दिलेला पण चेकसमशी न जुळणारा डेटा ४ लाखांहून अधिक वेळा सापडला. एकेका डिस्कपुरती शक्यता लहान असेल. पण ज्याच्याकडे पाहायची सोय नाही, त्याने 'मला कधी दिसले नाही' असे सांगण्यात काय अर्थ आहे?

बीटीआरएफएसचे दोष मी झाकत नाही. तिच्या रेड-५ आणि रेड-६ वर महत्त्वाचा डेटा ठेवू नये, असे तिचे स्वतःचे दस्तऐवजच सांगतात. रेड हॅटने २०१७ मध्ये तिच्याकडे पाठ फिरवली, आणि २०२० मध्ये फेडोराच्या डेस्कटॉपने तीच मूळ फाइलसिस्टिम म्हणून निवडली. जाणकारांतच दुमत आहे. एवढेच म्हणतो की तिच्यावर टीका करायची तर तिने गमावलेल्या डेटाबद्दल करा, तिने दाखवलेल्या एररबद्दल करू नका.

मग विश्वास कशावर ठेवायचा?

माझी कसोटी एकच: साखळीतल्या प्रत्येक कडीने आपले अपयश वरच्या कडीला स्पष्ट सांगितले पाहिजे, आणि वरच्या कडीने ते ऐकले पाहिजे.

ही कसोटी मोडली की काय होते, ते २०१८ मध्ये पोस्टग्रेसवाल्यांनी पाहिले. डेटाबेस एफसिंक करतो. डिस्कवर लिहिताना चूक होते. कर्नल एरर परत देतो. इथवर ठीक. पण त्याच वेळी कर्नल ते न लिहिले गेलेले पान 'स्वच्छ' म्हणून नोंदवून टाकतो. डेटाबेस भाबडेपणाने पुन्हा एफसिंक करतो आणि या खेपेस उत्तर येते, यशस्वी! लिहायला आता काही उरलेलेच नसते ना. त्या शब्दावर भरवसा ठेवून डेटाबेस आपला वॉल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंद, टाकून देतो आणि ज्यातून डेटा परत उभा करता आला असता तेही जाते. काही प्रसंगी तर ती पहिली एरर योग्य प्रक्रियेपर्यंत पोहोचतच नसे. दुसऱ्यांदा एफसिंक यशस्वी झाला म्हणजे डेटा लिहिला गेला, ही समजूत वर्षानुवर्षे अशीच चालली होती. फेब्रुवारी २०१९ च्या आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने उपाय केला तो वरकरणी रांगडा आहे: एफसिंक चुकला की डेटाबेस स्वतःला तिथल्या तिथे पाडतो आणि वॉलमधून पुन्हा उभा राहतो. कर्कश, पण प्रामाणिक.

चेकसम याच कसोटीतून येतो; पण त्यालाही देव्हाऱ्यात बसवू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये झेडएफएसची, म्हणजे चेकसमचा आदर्श मानल्या जाणाऱ्या फाइलसिस्टिमची, फजिती झाली. नुकतीच लिहिलेली फाइल लगेच कॉपी केली तर क्वचित प्रसंगी झेडएफएस सांगे, 'इथे भोक आहे, डेटा नाही'. कॉपी करणारा प्रोग्रॅम तिथे शून्ये भरे. त्या शून्यांचा चेकसम अगदी बिनचूक! स्क्रब, म्हणजे सगळा डेटा वाचून चेकसमशी ताडणे, कितीही चालवा, काही सापडणार नाही. चेकसम फक्त एवढेच सांगतो की जे लिहिले तेच वाचले. जे लिहिले ते खरे होते का, हे सांगणे त्याच्या हातात नाही.

म्हणून शेवटची कडी बॅकअपची, आणि तिलाही तोच नियम. मार्च २०१३ मध्ये केडीईचा मुख्य गिट सर्व्हर रीबूटनंतर पाहतात तर त्याची एक्स्ट-४ फाइलसिस्टिम बिघडलेली. जगभरच्या मिरर सर्व्हरांनी तो बिघाड आज्ञाधारकपणे उतरवून घेतला. सुमारे १,५०० रेपॉझिटरी जाता जाता वाचल्या, कारण एका सर्व्हरवर शाबूत प्रत योगायोगाने उरली होती. गिटलॅबची गत आणखी बोलकी. ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकीच्या सर्व्हरवरून डेटा पुसला गेला, तेव्हा कळले की रोजचा बॅकअप आवृत्ती न जुळल्यामुळे होतच नव्हता. आणि तो फसल्याचे सांगणारे ईमेल पलीकडे नाकारले जात होते. एरर बोलत होती, पण ती कुणाच्या कानापर्यंत पोहोचत नव्हती. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट हाताशी होता म्हणून निभावले.

यावर आक्षेप येईल: "घरच्या एका डिस्कच्या लॅपटॉपला हे सोपस्कार कशाला? दुसरी प्रत नसेल तर चेकसम दुरुस्ती थोडीच करणार?" दुरुस्ती नाही करणार, खरे आहे. पण बिघडलेली फाइल गुपचूप बॅकअपमध्ये जाते, आणि जुने बॅकअप काही महिन्यांनी पुसले जातात. बिघाड उशिरा कळला तर चांगली प्रत शिल्लकच नसते. लवकर कळला तर ती परत काढता येते. एका डिस्कवर चेकसमचे काम हेच: वेळ मिळवून देणे.

एक्स्ट-४ सोडा, असे मी म्हणत नाही. तिच्याखाली डीएम-इंटेग्रिटी हा चेकसम ठेवणारा थर लावता येतो. त्यापेक्षा सोपे म्हणजे महत्त्वाच्या फाइलींचे चेकसम वेगळे ठेवून अधूनमधून पडताळता येतात. बीटीआरएफएस किंवा झेडएफएस असेल तर ठरलेल्या वेळी स्क्रब चालवा आणि त्याचा निकाल तुमच्यापर्यंत पोहोचतो का ते पाहा. प्रोग्रॅम लिहीत असाल तर एफसिंकने काय उत्तर दिले ते तपासा. बॅकअपमधून एखादी फाइल मुद्दाम परत काढून उघडून बघा. डिस्क खोटे बोलेल त्या दिवशी काम अडवून एरर दाखवणारी फाइलसिस्टिम शिव्या खाईल. खाऊ द्या, त्या बदल्यात चांगली प्रत हातात असतानाच तुम्हाला बिघाड कळलेला असेल.