वैद्यकीय ज्ञानाचे कुलूप

ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय वयाने अगदी लहान आहे. 2021-22 च्या शैक्षणिक वर्षात तेथे पहिले विद्यार्थी आले. अशा नव्या संस्थेच्या ग्रंथालयात काय असावयाचे? पाठ्यपुस्तकांच्या प्रती, काही संदर्भग्रंथ आणि अंदाजपत्रकातून उरल्यासुरल्या पैशांत घेतलेली मोजकी नियतकालिके. मुंबईच्या जुन्या वैद्यकीय महाविद्यालयांनी पिढ्यानुपिढ्या खपून जी कपाटे भरली, ती ओरोसला भरावयाची तर एक आयुष्य पुरे पडले नसते. परंतु 1 जानेवारी 2025 पासून हा हिशेब पार बदलून गेला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी 'वन नेशन, वन सबस्क्रिप्शन' या योजनेस मान्यता दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी तिच्यावर सुमारे 6,000 कोटी रुपये खर्च व्हावयाचे आहेत. तीस मोठ्या प्रकाशकांची जवळजवळ 13,000 नियतकालिके सरकारने एकत्र वर्गणी भरून घेतली असून, सरकारी उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था मिळून सुमारे 6,300 संस्थांना ती वाचता यावीत अशी व्यवस्था आहे. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राकडे तिची सूत्रे आहेत. ओरोसचे महाविद्यालय शासकीय असल्याने या कक्षेत येते. दिल्लीच्या नामांकित संस्थेतील विद्यार्थी जे वाचतो तेच आमच्या जिल्ह्यातील विद्यार्थ्याला वाचता यावे, ही गोष्ट लहान नव्हे, आणि तिचे स्वागत करताना आम्ही हात आखडता घेणार नाही.

ही योजना जेथे थांबते तेथून मात्र आमचा प्रश्न सुरू होतो. वैद्यकीय नियतकालिक वाचण्याची खरी निकड कोणाला असते? विद्यार्थ्याला ती असते, प्राध्यापकालाही असते. परंतु ज्याच्यासमोर आत्ता या घटकेला रोगी बसला आहे त्याला ती सर्वांहून अधिक असते, आणि नेमका तोच या वर्गणीच्या बाहेर राहिला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी हा सरकारचाच नोकर. पण त्याचे केंद्र ही 'उच्च शिक्षणसंस्था' नव्हे. कुडाळच्या बाजारपेठेत तीस-तीस वर्षे दवाखाना चालविणारे डॉक्टर कोणत्याच यादीत नाहीत. आमच्याच जिल्ह्यातील खासगी वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही पहिल्या टप्प्यात बाहेरच आहेत. एकाच परीक्षेला बसणाऱ्या दोन मुलांपैकी एकाला पुस्तक द्यावे आणि दुसऱ्याला देऊ नये, हे कोणत्याही शाळामास्तराला खपणारे नाही.

माकडतापाचेच उदाहरण घेऊ. हा रोग 1957 साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी त्याचा विषाणू शोधून काढला. गोचिडीमार्फत पसरणारा हा ताप जवळजवळ साठ वर्षे 'कर्नाटकाचा रोग' म्हणूनच ओळखला जात होता. 2016 साली तो दोडामार्गच्या परिसरात उतरला तेव्हा काजूच्या बागांत राबणाऱ्या माणसांना त्याने गाठले. त्या वेळी तापाचा पहिला रोगी ज्याच्यापुढे आला, तो कोणी विद्यापीठातील संशोधक नव्हता. तो गावपातळीवरचा डॉक्टर होता. डेंग्यू की लेप्टो की आणखी काही, हे त्यालाच ठरवावयाचे होते. माकडतापाविषयी जगात जे जे लिहिले गेले आहे ते वाचावयाचा पहिला अधिकार कोणाचा, याचे उत्तर आम्हांस तरी स्पष्ट दिसते. आणि आज त्या डॉक्टरने एखादा बंद लेख संगणकावर उघडू पाहिला, तर त्याच्यासमोर लेखाऐवजी मागणीचा आकडा येतो. एका लेखाला साधारण तीस-चाळीस डॉलर, म्हणजे तीन हजारांच्या आगेमागे रुपये! त्यातून लेख उपयोगी निघेल की नाही, हे पैसे भरल्यावरच कळावयाचे.

हे कुलूप लावले कोणी, ही हकीकत मोठी मौजेची आहे. संशोधनाचा खर्च बहुधा सरकार करते, म्हणजे करदाते करतात. रक्ताचे नमुने रोगी देतो. लेख डॉक्टर लिहितो, आणि त्याबद्दल त्याला दमडी मिळत नाही. तो लेख तपासून देणारे तज्ज्ञही बहुतकरून फुकटच राबतात. मग तो लेख प्रकाशक छापतो आणि ज्यांनी तो लिहिला व तपासला त्यांच्याच ग्रंथालयांना वर्गणी लावून विकतो. शेतकऱ्याने आपले भात गिरणीला फुकट घालावे आणि तोच तांदूळ दुकानातून विकत आणावा, त्यातला हा प्रकार. प्रकाशकांचे काहीच काम नसते असे आम्ही म्हणत नाही. संपादन, मांडणी, जतन यांना खर्च येतो. परंतु खर्च आणि नफा यांतील अंतर इतके वाढले की श्रीमंत देशांतील विद्यापीठेही कुरकुरू लागली, आणि त्यातूनच 2002 साली बुडापेस्ट येथून मुक्त प्रकाशनाचा जाहीरनामा निघाला. शास्त्रीय लेख इंटरनेटवर कोणालाही, विनामूल्य, वाचता व वापरता यावेत, ही त्याची मागणी होती. त्याच साली जागतिक आरोग्य संघटनेने गरीब देशांसाठी 'हिनारी' नावाची योजना काढली. पण भारत तिच्या लाभार्थींत नव्हता. गरीब म्हणून सवलत नाही आणि श्रीमंत म्हणून ऐपत नाही, अशी आमची मधल्यामध्ये कोंडी झाली.

या कोंडीतून एक वाट मुंबईच्या परळात निघाली, याचा मराठी वाचकाला अभिमान वाटावयास हवा. पण ती गोष्ट फारशी कोणाला ठाऊकच नाही. सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि के. ई. एम. रुग्णालय यांच्या अध्यापकवर्गाने 1955 साली 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे त्रैमासिक सुरू केले. महापालिकेच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी आपले काम सांभाळून चालविलेले हे नियतकालिक. या शतकाच्या आरंभी त्यांनी आपले सर्व लेख इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, तेही लेखकाकडून छपाईचे शुल्क न घेता. वाचकाने पैसे द्यावयाचे नाहीत आणि लेखकानेही नाहीत, असे हे दुर्मीळ उदाहरण होय. फुकट दिले तर वर्गणीदार पळतील, ही भीती तेव्हा पुष्कळांना वाटत होती. प्रत्यक्षात उलट झाले. नियतकालिक देशोदेशी वाचले जाऊ लागले, बाहेरून येणारे लेख वाढले, आणि त्यातील संशोधनाचे दाखले अधिक प्रमाणात दिले जाऊ लागले. या संक्रमणामागे मुंबईतीलच एक बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांची 'मेडनो' ही संस्था होती. तिने पुढे अनेक भारतीय वैद्यकीय संस्थांची नियतकालिके याच मार्गाने उभी केली. 2011 साली ती 'वोल्टर्स क्लूवर' या बहुराष्ट्रीय प्रकाशकाने विकत घेतली. आपल्या मातीत उगवलेले रोप मोठे होताच परक्या कुंपणात जाते, हा अनुभव आम्हांस नवा नाही. तरी चुटपुट लागल्यावाचून राहत नाही.

मुक्त प्रकाशनाच्या नावाखाली दुसरे एक कुलूप तयार झाले आहे, तेही येथे सांगितले पाहिजे. वाचकाकडून पैसे घ्यावयाचे नाहीत तर लेखकाकडून घ्यावेत, अशी रीत मोठ्या प्रकाशकांनी पाडली. 'नेचर' या विख्यात नियतकालिकाने 2021 पासून लेख खुला ठेवण्यासाठी 9,500 युरो दर लावला. रुपयांत तो तेव्हा आठ लाखांच्या घरात जात होता. वाचनाचे दार उघडले आणि लिहिण्याचे लावले! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांची आठवण येथे झाल्याशिवाय राहत नाही. कोकणातील विंचूदंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत असताना त्यांनी एकट्याने निरीक्षणे टिपली. 1982 साली त्यांचा लेख लंडनच्या 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडते, हे त्यांनी जगाला दाखविले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. ग्रामीण भागातील त्या तरुण डॉक्टरकडे तेव्हा कोणी लाखो रुपये मागितले असते, तर ते ज्ञान महाडच्या वहीतच राहिले असते. 2011 साली विंचूदंशावरील त्यांच्या चाचणीचा लेख 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला, आणि ते नियतकालिक संशोधनाचे लेख सर्वांस खुले ठेवते. म्हणून तो लेख आज कुडाळचा कोणीही डॉक्टर आपल्या दवाखान्यात बसून वाचू शकतो. 1982 च्या लेखासाठी मात्र त्याला अजूनही पैसे मोजावे लागतात. एकाच माणसाचे, एकाच विंचवावरचे हे दोन लेख.

पैसे घेऊन वाटेल ते छापणारी बनावट नियतकालिकेही याच रीतीतून फोफावली. बढतीसाठी लेखांची संख्या मोजणारी पद्धत जोवर चालू आहे तोवर त्यांचे गिऱ्हाईक कमी होणार नाही. पण त्यावरून मुक्त प्रकाशनच वाईट असे म्हणणे म्हणजे खोट्या नोटा निघतात म्हणून चलन बंद करण्यासारखे आहे.

मग करावयाचे काय? सरकारला नवीन काही शोधण्याची गरज नाही. 2007 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 'कॉक्रेन लायब्ररी'ची वर्गणी देशाच्या नावाने भरली, आणि भारतात राहणाऱ्या कोणालाही, त्याची संस्था कोणती हे न विचारता, ती इंटरनेटवर मोफत वाचता येईल अशी सोय केली. म्हणजे सर्वांसाठी वर्गणी घेणे अशक्य नव्हते, नाही. 2020 च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यातही 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही कल्पना प्रत्येक व्यक्तीसाठी मांडली होती; व्यवहारात उतरताना ती संस्थांपुरती आकसली. सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वांना प्रवेश देण्याचा पुढला टप्पा बोलला गेला आहे. तो लवकर यावा, आणि त्यात सिंधुदुर्गाचा विचार शेवटी न होता आरंभी व्हावा. सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर दीडशेहून अधिक वर्षे वाचकांची सेवा करीत आले आहे. अशा ग्रंथालयात या वर्गणीचे एक टेबल मांडावयास राजवाडा बांधावा लागत नाही. मालवणच्या हायस्कुलाला आणि मुंबईत नायर रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयाला टोपीवाल्यांचे नाव आहे. ज्या भूमीच्या दानशूरांनी शाळा आणि वैद्यकीय महाविद्यालये उभी केली, तेथे आजच्या धनिकांनी संगणक आणि एक जाणता ग्रंथपाल देणे अवघड नसावे.

ओरोसच्या महाविद्यालयाकडूनही आमची एक अपेक्षा आहे. परळच्या अध्यापकांनी 1955 साली जे केले ते येथे आज अधिक स्वस्तात करता येईल. सर्पदंश, लेप्टो, माकडताप, काजू-कारखान्यांतील कामगारांचे हात, खलाशांचे आजार. या जिल्ह्याचे रोग या जिल्ह्यातच लिहिले जावेत आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता यावेत. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ पदव्युत्तर प्रबंध कपाटात न ठेवता खुले करू लागले, तर त्याचेही तितकेच मोल आहे. आणि तोवर, निदान पुढच्या काजूच्या हंगामापूर्वी, जिल्हा परिषदेने दोडामार्ग, सावंतवाडी, कुडाळ येथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना ओरोसच्या ग्रंथालयात बसून वाचण्याचे ओळखपत्र मिळवून द्यावे, आणि त्यासाठी लागणारी परवानगी 'इन्फ्लिबनेट'कडे आजच मागावी.