आडनावाचे मूळ आणि दत्तकाचे कूळ

बीड जिल्ह्यातील आष्टी, कडा, गेवराई यांपैकी कोणत्याही गावच्या बाजारपेठेतून सावकाश चालत गेले, तर दुकानांच्या पाट्यांवर मारवाड अजूनही वाचता येतो. बाफना, कटारिया, चोरडिया, भंडारी, मुथा, मुणोत. पाटीमागे बसलेला गृहस्थ गिऱ्हाइकाशी अस्सल मराठवाडी बोलीत बोलतो, आणि मूळ गाव विचारले की राजस्थानातील एखाद्या खेड्याचे नाव सांगतो. त्या खेड्यात त्याच्या आजोबांनीही कदाचित पाऊल ठेवलेले नसते. भाषा बदलली, ताटातले जिन्नस बदलले, निजामाचे राज्य जाऊन महाराष्ट्र आला. आडनाव मात्र जसेच्या तसे राहिले. अलीकडे या घरांतील तरुण मंडळी नळीत थुंकीचा नमुना भरून प्रयोगशाळेकडे पाठवू लागली आहेत आणि वंशाचा अहवाल मोबाईलवर वाचू लागली आहेत. आडनाव म्हणजे रक्त का, हा जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा दिवाणखान्यात आला आहे.

या प्रश्नासाठी मुणोत या आडनावाइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. ओसवालांची १४४४ गोत्रे असल्याचे परंपरा सांगते. त्यांतील अनेक गोत्रांच्या उगमकथेत एखादा राजपूत पुरुष आणि त्याला जैन धर्माकडे वळवणारे एखादे आचार्य असतात. मुणोतांची, म्हणजे मारवाडातील मुहणोतांची, परंपराही तशीच आहे. मारवाडचे राठोड राव रायपाल यांचा पुत्र मोहन जैन झाला आणि त्याच्या नावावरून वंशजांना मुहणोत म्हणू लागले, असे ती सांगते. ही घटना सुमारे सातशे वर्षांपूर्वीची ठरते.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध पुरुष म्हणजे मुहणोत नैणसी. १६१० साली जन्मलेला हा विद्वान जोधपूरच्या महाराजा जसवंतसिंहांचा दिवाण होता. राजपूत घराण्यांच्या वंशावळींची त्याची ‘ख्यात’ आणि मारवाडच्या परगण्यांची खानेसुमारी सांगणारी ‘विगत’ आजही इतिहासकार उघडून बसतात. गावोगावची घरे, पिके आणि वसूल यांची इतकी काटेकोर नोंद करणारा हा माणूस अखेरीस स्वतःच हिशेबाच्या आरोपात सापडला. महाराजांची मर्जी उतरली, कैद झाली, एक लाख रुपये दंड ठरला आणि तो भरण्यास त्याने साफ नकार दिला. औरंगाबादहून मारवाडकडे नेले जात असताना १६७० साली वाटेतच त्याने आणि त्याच्या भावाने स्वतःचा अंत करून घेतला. बीडच्या शेजारच्या जिल्ह्याशी या आडनावाचे नाते असे, व्यापारी मंडळींच्या मोठ्या स्थलांतराच्या आधीपासूनचे आणि दुःखद आहे.

राजस्थानी लोकपरंपरेत नैणसीचा उल्लेख ‘मूतो’ असा येतो. मूता, मुहता, मेहता, मुथा ही कारभारी पदाचीच रूपे मानली जातात. म्हणजे एकाच माणसाला वंशाने राठोड, गोत्राने मुहणोत आणि पदाने मूता म्हटले जात होते. त्याच्या वंशजांनी यांतील कोणते नाव आडनाव म्हणून पुढे चालवावे, हे रक्ताने नव्हे, परिस्थितीने ठरत असे. उलट बाजूने पाहावे, तर बीड जिल्ह्यात राठोड म्हटले की प्रथम बंजारा तांडे डोळ्यांसमोर येतात, आणि तेही राजपूत कुळांशी नाते सांगतात. कोकणात भंडारी ही एक स्वतंत्र जात आहे. कड्याच्या भंडाऱ्यांशी तिचा काही संबंध नाही. नाव एक असले म्हणून मूळ एक ठरत नाही, आणि नावे वेगळी झाली म्हणून मुळे वेगळी होत नाहीत.

मग रक्ताला थेट विचारता येईल का? काही अंशी येते. पुरुषाचे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाते आणि आडनावही त्याच वाटेने जाते. इंग्लंडमध्ये ब्रायन साइक्स या शास्त्रज्ञाने साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. जवळजवळ निम्म्या पुरुषांचे वाय गुणसूत्र एकाच घराण्याचे निघाले. आयर्लंडमध्ये आडनावे हजारेक वर्षांपूर्वीच रूढ झाली. तेथील ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा, त्यामुळे आडनाव हीच वंशावळ. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील संशोधकांना २००६ साली असे आढळले, की वायव्य आयर्लंडमधील सुमारे दर पाच पुरुषांत एकाचे वाय गुणसूत्र एकाच शाखेचे आहे. नायल या पाचव्या शतकातील दंतकथेतल्या राजाशी तिचा संबंध जोडला गेला आणि जगभरच्या आयरिश घरांत आनंदीआनंद झाला. पुढील संशोधनात ती शाखा नायलपेक्षाही जुनी असल्याचे दिसले. राजाचा वंशज होण्याची हौस मारवाडातच आहे असे नाही!

साइक्सच्या उरलेल्या निम्म्या पुरुषांचे काय, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. त्याचे उत्तर साध्या घसाऱ्याच्या गणितात आहे. समजा, दर पिढीत शंभरांतील दोनच घरी दत्तकामुळे किंवा अन्य कारणाने बापाचे गुणसूत्र मुलाकडे गेले नाही. सातशे वर्षांत साधारण पंचवीस पिढ्या होतात. घटत्या शिल्लकेवर दोन टक्के घसारा पंचवीस वेळा लावला की शंभरातून साठच उरतात. प्रमाण चार टक्के धरले तर छत्तीस. म्हणून उद्या एखाद्या मुणोताचे गुणसूत्र राठोडांशी जुळले नाही, तर मोहनची कथा खोटी ठरत नाही. आणि जुळले, तरी कोणत्या राठोडाशी आणि किती जुने, हे वेगळे तपासावे लागते.

व्यापारी जैन घरांत या घसाऱ्याचे एक कारण गुप्त नव्हते, उघड होते. ते म्हणजे दत्तक. पेढी चालवायला वारस हवा. मुलगा नसेल तर तो आणावा. जैनांत श्राद्ध-पिंडदानाची कल्पना नसल्याने दत्तक हा धर्मविधी न मानता लौकिक व्यवहार मानला गेला, आणि ब्रिटिशकालीन न्यायालयांनीही ही रूढी मान्य केली. पुत्रहीन विधवेला पतीच्या परवानगीशिवाय दत्तक घेता येई. विवाहित, प्रौढ पुरुषही दत्तक जाऊ शके. बहिणीचा किंवा मुलीचा मुलगाही चालत असे.

या शेवटच्या तरतुदीत मोठी गंमत आहे. आजोबांनी मुलीचा मुलगा दत्तक घेतला, तर नातवाच्या अंगात आजोबांचा सरासरी एक चतुर्थांश वारसा असतोच. पण वाय गुणसूत्र जावयाच्या गोत्राचे असते. त्याऐवजी सहा पिढ्यांपूर्वी फुटलेल्या भाऊबंदाचा मुलगा आणला, तर वाय गुणसूत्र अचूक जुळते आणि बाकीचा वारसा नाममात्र असतो. प्रयोगशाळा दुसऱ्याला ‘खरा’ मुणोत म्हणेल आणि पहिल्याला परका. आजीला विचारले तर उत्तर उलटे येईल, आणि आजीचे चुकणार नाही. दहा पिढ्या मागे प्रत्येकाच्या वंशवृक्षात पूर्वजांच्या १०२४ जागा असतात. वाय गुणसूत्र त्यांतील एकाचीच साक्ष देते, आणि आडनावही एवढेच करते.

म्हणूनच ओसवालांची जुनी विवाहरूढी केवळ आडनावावर विसंबलेली नाही. स्वतःचे, आईचे, आजीचे आणि आईच्या आईचे अशी चार गोत्रे टाळण्याची ती पद्धत होती. तिने जवळच्या नात्यातील विवाह बऱ्याच अंशी टळत. मामाची मुलगी करण्याची दक्षिण महाराष्ट्रातील रीत मारवाडी घरांना विचित्र वाटे, ती त्यामुळेच. समाजाबाहेर न जाण्याचा परिणाम मात्र चार गोत्रांनीही टळत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेले दिसले, की फिनलंडचे लोक आणि अश्केनाझी ज्यूही त्या बाबतीत मागे पडले. आंध्रातील वैश्य या व्यापारी समाजात भुलीच्या एका औषधाचा परिणाम काहींच्या शरीरातून नेहमीच्या वेळेत उतरत नाही, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. तेही अशाच सामाईक वारशामुळे. असे अहवाल राजवंश शोधण्यासाठी वाचण्यापेक्षा लग्नापूर्वी डॉक्टरांसमोर ठेवले, तर थुंकी सत्कारणी लागेल.

राहिला दत्तक मुलगा. थुंकीच्या नळीची सर्वाधिक झळ त्यालाच लागते. चाळीस वर्षे पेढी सांभाळलेल्या माणसाला त्याचा जन्म या कुळातला नाही, हे मोबाईलच्या पडद्यावरून कळणे क्रूर आहे. हा अहवाल हाती घेऊन हिस्सा नाकारू पाहणाऱ्या भाऊबंदाला कायद्याचा आधार मिळणार नाही. १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा जैनांनाही लागू आहे आणि वैध दत्तकाने मुलगा सर्व अर्थांनी त्या घरचा होतो. मात्र त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात एक अपवाद आहे: जन्मकुळात राहिला असता ज्यांच्याशी त्याला विवाह करता आला नसता, त्यांच्याशी दत्तक गेल्यानंतरही करता येत नाही. मालमत्तेचे खाते बदलते, रक्ताच्या निषेधाचे खाते जुन्याच घरी चालू राहते.

ते पाळायचे तर जन्मकुळ कोणते, हे मुलाला आणि त्याच्या मुलांनाही ठाऊक असायला हवे. वधूवर मेळाव्याच्या परिचयपत्रात स्वगोत्र आणि मामाचे गोत्र विचारलेले असते. जन्मकुळाच्या गोत्रासाठी बहुतेक छापील नमुन्यांत रकाना नसतो. काही वडीलधारे तो समासात हाताने लिहितात.