तेलकटांची कैफियत

तोंड स्वच्छ धुतले गेले की नाही, हे ओळखण्याची आपल्या मध्यमवर्गात एक कसोटी आहे. गालावरून ओले बोट ओढायचे. ‘करकर’ असा आवाज आला तर तोंड धुतले. नाही आला तर नुसतेच भिजवले. ही कसोटी मुळात मोरीतल्या ताटवाट्यांची. स्टीलच्या ताटाला ती शोभतेही. पण ताट घासून फडताळात पालथे घालता येते. तोंड घेऊन माणसाला कचेरीत जावे लागते, वेळप्रसंगी साहेबांच्या विनोदाला हसावे लागते. करकरीत धुतलेल्या तोंडाने हसून पाहा. गाल आधी नोटीस देतात.

याला जबाबदार साबणाची वडी. तिचा सामू ९-१०च्या घरात आणि कातडीचा ५च्या आसपास. म्हणजे वडी अल्कधर्मी आणि आपण किंचित आम्लधर्मी (मी कातडीबद्दल बोलतोय, स्वभावाबद्दल नाही). कातडीत जी स्निग्ध द्रव्ये असतात ती आतले पाणी आत धरून ठेवतात. वडी मळाबरोबर त्यांनाही घेऊन जाते. मग आपण दुकानात जातो आणि तोच ओशटपणा डबीत भरून, वास मारून, पैसे मोजून घरी आणतो. आणि ज्या साबणाने तेलाची ही बदनामी केली, तो स्वतः तेल आणि कॉस्टिक सोडा यांच्याच पोटी जन्मलेला! घरभेदी दुसरे काय असतात?

आमच्या घरात या प्रश्नाला तोंड फुटले ते पुतणीमुळे. तिने रात्री तोंड धुवायला तेलाची बाटली आणली. डोक्याला नव्हे, तोंडाला! वहिनींनी बाटलीवरचे सगळे वाचले, किंमत दोनदा वाचली आणि म्हणाल्या, “अगं, तेलकट तोंड तेलाने धुतेस? चिखलाने चिखल धुतात का कधी?”

युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण याच वहिनी मे महिन्यात फणस फोडायला बसताना दोन्ही हातांना आणि सुरीला तेल चोपडून घेतात. फणसाच्या चिकाला पाणी लागत नाही, साबणाला तो दाद देत नाही. तेल लावले की मुकाट्याने सुटतो. रंगपटात प्रयोग संपल्यावर नटमंडळी तोंडाचा रंग उतरवीत ती खोबरेल तेलानेच. पाण्याने उतरवायला गेला तर अफझलखान दुसऱ्या दिवशी दूध आणायला जाईपर्यंत अफझलखानच राहायचा. जे तेलात विरघळते ते तेलानेच निघते, यात शास्त्र एवढेच. आता मुली उन्हासाठी जे मलम लावतात ते घामाने आणि पाण्याने वाहून जाऊ नये म्हणूनच बनवलेले असते. ते पुन्हा पाण्यानेच काढायचे म्हणजे छत्री पावसात विरघळावी अशी अपेक्षा करण्यासारखे आहे.

इतके सांगितल्यावर वहिनी गप्प बसल्या, पण शेजारचे आप्पा सुरू झाले. “यात नवीन काय? आमच्या आजीला सगळं ठाऊक होतं. अभ्यंगस्नान! हे सगळं आपल्याकडून चोरलंय.”

मला या मंडळींचा जास्त राग येतो. साबणवाला निदान अडाणी असतो. आप्पा अभिमानी असतात. रोमन साम्राज्यात इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेन नावाचा वैद्य होऊन गेला. मेण, ऑलिव्हचे तेल आणि गुलाबपाणी यांचे जे मलम त्याच्या नावावर सांगतात, ती आजच्या कोल्ड क्रीमची पणजी. आणि शू उएमुरा हा जपानी रंगभूषाकार हॉलिवूडच्या नटनट्यांची तोंडे रंगवून परत गेला आणि १९६७ साली त्याने तोंड धुण्याचे तेल बाजारात आणले. यातल्या कोणीही आप्पांच्या आजीच्या माजघरात डोकावले नव्हते.

शिवाय आप्पा आजीची अर्धीच गोष्ट सांगतात. आजी नुसते तेल लावून सोडत नसे. नरकचतुर्दशीला पहाटे तेलामागून उटणे येई. बाळाच्या अंगाला तेलामागून डाळीचे पीठ येई. पीठ तेल धरून घेते आणि पाण्याबरोबर निघून जाते. बाटलीतल्या तेलात पिठाचे हेच काम करणारे एक द्रव्य मिसळलेले असते. पाणी लागले की तेल दुधासारखे पांढरे होते आणि धुऊन जाते. आप्पांचे खोबरेल तसे जात नाही. ते बसते, आणि छिद्रे बुजवण्यात त्याचा हातखंडा आहे. डोक्याला भरपूर तेल थापणाऱ्यांच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या उगाच येत नाहीत.

पुटकुळ्यांवरून आठवले. या सगळ्या वादात खरा मार खाते ती पंधरा-सोळा वर्षांची मुलगी. तिच्या तोंडावर पुटकुळ्या दिसल्या की घरातला प्रत्येकजण सांगतो, “तोंड नीट धूत जा गं!” जणू ती आळशी आहे. वयात येताना अंगातली संप्रेरके वाढतात, तेल जास्त सुटते, छिद्रे तुंबतात. त्याचा आळसाशी काय संबंध? पण बिचारी दिवसातून पाच वेळा घासते. तोंड लाल होते, कातडी सोलवटते, पुटकुळ्या आहेत तिथेच. वर पाहुणे विचारतात, “हिची त्वचा तेलकटच का हो?” पाहुण्यांच्या पुढ्यातली भजी तेलकट निघाली तर ते ‘खुसखुशीत’ म्हणून मिटक्या मारतात.

पुतणीला मी तिचे तेल नीट वापरताना पाहिले आहे. हात कोरडे, तोंड कोरडे. मिनिटभर हलक्या हाताने फिरवायचे, मग ओंजळभर पाणी, मग पांढरे दूध, मग भरपूर पाणी. वाटले तर शेवटी सौम्य फेस. खसाखसा नाही, करकर नाही. किंमत मात्र अन्यायाची आहे, हे वहिनींचे म्हणणे मला मान्य. तेवढ्यात महिन्याचे गोडेतेल येते. पण स्वस्त बाटल्याही मिळतात. परदेशी लेबलाला कातडी ओळखत नाही.

वहिनींची आता एकच हरकत उरली आहे. “भावजी, सगळं खरं. पण बेसिन ओशट होतं त्याचं काय?”

बेसिनला खुशाल साबण लावा. करकर आवाज येईपर्यंत घासा. ते चिनीमातीचे आहे.