स्वस्त तिकिटात काय काय येते?

जळगावात कुणी विमानाने जाऊन आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कितीला पडलं?" प्रवास कसा झाला, हे नंतर. आकडा कमी असला की ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या प्रत्येक तक्रारीला एकच उत्तर देतो, "एवढ्या पैशात आणखी काय मिळणार?" विमान तीन तास उशिरा निघाले, शौचालयात पाय ठेवायची सोय नव्हती, आजीला शिडीपाशी ताटकळत ठेवले, सगळे त्या एका वाक्यात माफ होते. या महिन्यात आम्हाला त्या वाक्याबद्दलच बोलायचे आहे. ते अर्धे खरे आहे आणि अर्धे चुकीचे. चुकीच्या अर्ध्याची किंमत आपल्या घरातली वडीलधारी माणसे, लेकुरवाळ्या बायका आणि लहान मुले मोजतात.

आपल्या भागात विमान अजून नवलाईचेच आहे. कुसुंब्याच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती आणि आपल्या जिल्ह्याच्या लेक प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. प्रवासी विमान मात्र 'उडान' योजनेखाली डिसेंबर २०१७ मध्ये आले. एअर डेक्कनचे ते जेमतेम अठरा-एकोणीस आसनांचे विमान होते. ती सेवा फार टिकली नाही. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४ च्या एप्रिलपासून फ्लाय ९१ ने जळगाव आधी गोवा आणि हैदराबादशी, मग पुण्याशी जोडले आणि जूनमध्ये अलायन्स एअरचे मुंबईचे विमान सुरू झाले. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. त्यामुळे धुळेकरांना जळगाव, नाशिक, शिर्डी किंवा थेट मुंबई गाठावी लागते. उमराहला निघालेली मंडळी आणि आखातात कामाला असलेली आपली मुले तर मुंबईहूनच उडतात. म्हणजे आपल्या घरांतून विमानात बसणाऱ्यांपैकी बरेच जण पहिल्यांदाच बसत असतात, आणि बसतात ते स्वस्त सेवेच्या विमानात.

आता आधी खरा अर्धा भाग. स्वस्त सेवेचे गणित साधे आहे. जुन्या पद्धतीच्या तिकिटात जेवण, सामान, हवी ती जागा हे सगळे मिळून असायचे. स्वस्त कंपनीने ते सुटे केले. जेवण हवे तर पैसे द्या, खिडकीची जागा हवी तर पैसे द्या, ठरलेल्या वजनापेक्षा बॅग जड भरली तर पैसे द्या. यात फसवणूक नाही. ज्याला नको त्याने देऊ नये. घरची पोळीभाजी किंवा खजुराचा डबा सोबत घेतला की अडीचशे रुपयांचे सँडविच टाळता येते. सामान घरीच वजनकाट्यावर तोलून घ्यावे. हातातल्या बॅगेला किती किलो आणि खाली जाणाऱ्या बॅगेला किती, हे तिकिटावर लिहिलेले असते आणि प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. लहान विमानात ते आणखी कमी असू शकते.

पण तिकिटातून सगळेच वजा होत नाही, आणि इथेच ते वाक्य चुकते. स्वच्छ जागा, वापरता येण्याजोगे शौचालय, गरजूला व्हीलचेअर, उशीर झाल्यास खरी माहिती आणि नियमाप्रमाणे खाणे-पाणी, हे तिकीट दोन हजारांचे असो की वीस हजारांचे, त्यात असतेच. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीसीए म्हणतात, त्याचे नियम स्वस्त आणि महाग असा भेद करत नाहीत. बोर्डिंग पासचेच बघा. काही कंपन्या विमानतळाच्या काउंटरवर पास छापून द्यायचे वेगळे पैसे घेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने सांगितले की असे पैसे घेता येणार नाहीत. मुलांच्या जागेचेही तसेच. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच तिकिटावरच्या आई किंवा वडिलांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, अशी सूचना डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये दिली. त्यामुळे जागेचे जादा पैसे भरले नाहीत म्हणून पाच वर्षांची मुलगी एकटी मागे बसवली जात असेल, तर तिथेच नम्रपणे पण ठाम बोलावे.

स्वच्छतेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त कुरकुर तिथेच असते. स्वस्त सेवेचे विमान जमिनीवर जितके कमी उभे राहील तितकी कंपनीची कमाई जास्त. एक खेप उतरली की अर्ध्या तासाच्या आसपास दुसरी खेप उडते. तेवढ्यात दीडशे-पावणेदोनशे प्रवासी उतरतात, कचरा उचलला जातो, नवे प्रवासी चढतात. मधल्या वेळात झाडलोट होते ती वरवरचीच.

गेल्या वर्षी मुंबईहून एका स्वस्त सेवेच्या विमानात बसलो, तेव्हा समोरच्या जाळीत आधीच्या कुणाच्या संत्र्याच्या साली होत्या. शेजारच्या वयस्कर खाला त्या गुपचूप आपल्या पिशवीत भरू लागल्या. आम्ही थांबवले तर म्हणाल्या, "जाने दो बेटा, सस्ते का टिकट है." आम्ही डोक्यावरचे बटण दाबले. दोन मिनिटांत एक मुलगी पिशवी आणि ओले रुमाल घेऊन आली, जागा पुसून दिली, माफीही मागून गेली. तिच्यावर चिडायचे काही कारण नव्हते. पण सांगितले नसते तर खाला मुक्कामापर्यंत दुसऱ्याची घाण मांडीवर घेऊन बसल्या असत्या.

शौचालयाचे मात्र निम्मे ओझे आपल्यावर आहे. विमानातले शौचालय आपल्या घरासारखे पाण्याने धुतले जात नाही, हवेच्या ओढीने साफ होते. आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या एअरबस ए३२० विमानात पाण्याची टाकी सुमारे २०० लिटरची असते, आणि तीच सगळ्यांना पुरवायची असते. जमिनीला पाणी वाहून जायला मोरी नसते. सांडलेले पाणी तिथेच राहते, त्यावर पुढच्याचे बूट पडतात आणि चिखल होतो. म्हणून ज्यांना नमाज पढायची आहे त्यांनी विमानात चढण्याआधी टर्मिनलमध्येच वजू करून निघावे. तिथे नळ आहेत, जागा आहे. लांबच्या प्रवासात मध्येच वजूची वेळ आली तर काय करावे, हा मसला निघण्याआधीच जाणकारांना विचारून ठेवावा. बेसिनमध्ये पाय धुण्याची खटपट करू नये. पाकीची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते. आपल्यामागून आत जाणाऱ्याची पाकी सांभाळणे हाही तिचाच भाग आहे. बाहेर येण्याआधी कागदी रुमालाने बेसिन आणि जमीन पुसून घ्यायला अर्धा मिनिट लागतो.

आता विमानात चढण्याबद्दल. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची सवय असलेल्यांना सांगावेसे वाटते, की विमानात जागेवर आपला नंबर असतो. ढकलाढकली केली म्हणून विमान लवकर निघत नाही. वेळ मात्र पाळावी. देशातल्या प्रवासात काउंटर साधारण साठ मिनिटे आधी आणि गेट वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होते. मोठ्या विमानतळांवर आता घोषणा फारशा होत नाहीत, पडद्यावर वाचावे लागते. ज्यांना वाचता येत नाही अशा अम्मी-अब्बांना एकटे पाठवत असाल, तर तिकीट काढतानाच मदतनीस मागून ठेवा. सुरक्षा तपासणीत बुरखा किंवा हिजाब घातलेल्या बहिणींनी घाबरू नये. बायकांची तपासणी पडद्याआड महिला कर्मचारीच करते.

पण वेळ पाळूनही माणसे मागे राहतात, असेही घडले आहे. ९ जानेवारी २०२३ रोजी बेंगळुरूला गो फर्स्टचे दिल्लीचे विमान ५५ प्रवाशांना बसमध्येच ठेवून उडाले. हातात पास, सामान विमानात आणि माणसे जमिनीवर. डीजीसीएने कंपनीला १० लाखांचा दंड केला. त्याआधी मे २०२२ मध्ये रांचीला इंडिगोने एका दिव्यांग मुलाला, तो घाबरला आहे म्हणून, विमानात चढू दिले नाही. तेव्हा ५ लाखांचा दंड झाला आणि पुढे नियमच बदलला. आता अशा प्रवाशाला अडवण्याआधी विमानतळावरच्या डॉक्टरचे लेखी मत घ्यावे लागते. जानेवारी २०२४ मध्ये धुक्यामुळे मुंबईत उतरवलेल्या इंडिगोच्या विमानाचे प्रवासी विमानाशेजारी जमिनीवरच जेवायला बसलेले सगळ्या देशाने पाहिले. त्यात कंपनीला १ कोटी २० लाखांचा दंड झाला. यांपैकी एकाही वेळी 'तिकीट स्वस्त होते' हे कारण चालले नाही.

महाग तिकिटात सगळे ठीक असते, असाही समज नको. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेले ८० वर्षांचे एक गृहस्थ व्हीलचेअर कमी पडल्याने पायी निघाले, कोसळले आणि वारले. एअर इंडियाला ३० लाखांचा दंड झाला. आपल्याकडे उमराहला जाणाऱ्यांतही वयस्कर माणसे असतात. म्हणून व्हीलचेअर तिकिटासोबतच लिहून मागा, प्रवासाच्या दोन दिवस आधी फोन करून खात्री करा आणि विमानतळावर खुर्ची येईपर्यंत हलू नका. गरजूला ती फुकट मिळते. जळगावच्या मार्गावरच्या एटीआर विमानात मागच्या दाराने पायऱ्या चढून जावे लागते. गुडघेदुखी असेल तर तेही आधीच सांगून ठेवावे.

उशीर झाला तर काय? जळगावहून मुंबई-पुण्यासारखा अडीच तासांच्या आतला प्रवास असेल आणि तुम्ही वेळेत हजर असाल, तर दोन तासांच्या उशिरानंतर खाणे-पिणे देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून जास्त उशीर आधीच ठरला असेल, तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांतले एक निवडता येते. वेळेत न कळवता विमान रद्द केले तर तासाभरापर्यंतच्या प्रवासाला ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० रुपये किंवा मूळ भाडे अधिक इंधन आकार, यांत जे कमी असेल ती भरपाई मिळते. धुके, वादळ, संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही. जागेपेक्षा जास्त तिकिटे विकून तुम्हाला खाली ठेवले आणि तासाभरात दुसरे विमान दिले नाही, तरी भरपाई आहे.

इथे एक मेख आहे आणि ती आपल्याच भागात फार नडते. ज्या प्रवाशाने आपला संपर्क नीट दिलेला नाही, त्याला ही रोख भरपाई मिळत नाही. आपल्याकडे बहुतेक तिकिटे एजंटाकडून निघतात, आणि एजंट प्रत्येक तिकिटावर स्वतःचा मोबाईल नंबर टाकतो. विमान रद्द झाल्याचा निरोप त्याच्या फोनवर पडतो, तो दुकान बंद करून घरी गेलेला असतो, आणि आपली माणसे पहाटे कुसुंब्याला पोहोचून बंद काउंटर बघतात. भुसावळच्या एका वाचक भगिनीने आम्हाला नेमका हाच अनुभव सांगितला. दोन लहान मुले, सासूबाई, चार बॅगा, आणि भरपाई शून्य, कारण कंपनीच्या नोंदीत निरोप 'दिलेला' होता. म्हणून एजंटासमोर उभे राहून तिकिटावर आपला किंवा घरातल्या लिहित्या-वाचत्या मुलामुलीचा नंबर टाकून घ्या.

तक्रार करायची तर जागच्या जागी पुरावा ठेवा. बोर्डिंग पास फाडू नका, पडद्यावरच्या उशिराचा फोटो काढा, घाण जागेचाही काढा. आधी कंपनीला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर सरकारच्या 'एअरसेवा' ॲपवर नोंदवा किंवा ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय दिल्लीला असले तरी धुळ्याच्या माणसाला धुळ्यातच दाद मागता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

वाचक भगिनी-बंधूंनो, भांडखोर व्हा असे आम्ही सांगत नाही. ओला रुमाल घेऊन आलेली ती मुलगी कमी पगारात, कमी वेळात दीडशे माणसांना सांभाळत असते. तिच्याशी अदबीनेच बोलावे. पण सबर आणि गप्प बसणे यांत फरक आहे. उशीर सोसणे हा सबर झाला. उशिराचे कारण न विचारणे, मागे राहिलेल्या म्हातारीसाठी न थांबणे, याला सबर म्हणत नाहीत. पुढच्या वेळी घरातले कुणी विमानाने जाऊन आले, तर "कितीला पडलं?" याच्यासोबत "नंबर कुणाचा टाकला होता?" हेही विचारा.