कोऱ्या फॉर्मवर सही नको



आपल्या पेण-रोह्याच्या घरांतून एक रीत पडली आहे. नवी गाडी घ्यायची ती घरच्या लक्ष्मीच्या नावावर. बॉनेटवर कुंकवाचा स्वस्तिक तिनेच काढायचा, चावीही पहिल्यांदा तिच्याच हातात द्यायची. पुढे त्या गाडीला अपघात झाला की विम्याचा कोरा फॉर्म तिच्यासमोर ठेवून म्हणायचे, "इथे आणि इथे फक्त सही कर, बाकीचे आम्ही बघतो."

हे "बाकीचे" म्हणजे काय, ते आपण विचारत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. फॉर्मवर वर काहीही लिहिले जावो, खाली सही आपली असते. म्हणजे ते वचन आपले असते, त्यातले खोटे आपले असते आणि त्यात सोडून दिलेला हक्कही आपलाच असतो.

आपल्याकडे दोन प्रकारचे लोक दिसतात. एक म्हणतात, "कंपनी कुठे साधी आहे? जुना पोचासुद्धा याच बिलात घालून टाका." दुसरे म्हणतात, "जाऊ दे, कर्माचा भोग. मिळाले तेवढे पुष्कळ." पहिला स्वतःला व्यवहारी समजतो, दुसरा धार्मिक. माझ्या मते दोघेही चुकतात. विम्याचा दावा ही लूट नाही, तशी भीकही नाही. आपण हप्ता भरून केलेल्या कराराची ती बाकी आहे. ती खरी मांडावी आणि पुरी मागावी.

आधी पहिल्याचे बघू. रोज ना सही, निदान पर्युषणात तरी आपण प्रतिक्रमण करतो. सत्य व्रताच्या अतिचारांत कूटलेख येतो, म्हणजे खोटा लेख करणे. मोठ्या असत्यांत कूटसाक्ष येते, म्हणजे खोटी साक्ष देणे. गॅरेजवाल्याचे फुगवलेले बिल हा कूटलेख नाही तर काय? गाडी चालवत होता एक आणि फॉर्मवर नाव दुसऱ्याचे, ही कूटसाक्ष नाही तर काय? संवत्सरीला सगळ्यांना "मिच्छामि दुक्कडं" म्हणायचे आणि क्लेम फॉर्मवर खोटे लिहू द्यायचे, हे कसे जमते? शिवाय विम्याचा पैसा आकाशातून पडत नाही. तुमच्या-माझ्यासारख्या हजारोंच्या हप्त्यांची ती सामाईक पेटी आहे.

पण त्याच अतिचारांच्या यादीत न्यासापहार हाही शब्द आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेली ठेव दडपणे. कंपनीने हप्ते घ्यायचे आणि देण्याची वेळ आली की कमी रकमेवर बोळवण करायची, हा तोच दोष. तो मुकाट्याने होऊ देण्यात कसला धर्म?

रोह्याच्या आमच्या नात्यातल्या वहिनींचे उदाहरण सांगते. नागोठण्याजवळ त्यांच्या गाडीवर टँकर आदळला. देवकृपेने माणसे वाचली, गाडीचा पुढचा भाग मात्र चेपून गेला. गाडी त्यांचा भाचा चालवत होता. मधला माणूस म्हणाला, "वहिनी, भाच्याऐवजी भाऊंचे नाव घालू, म्हणजे प्रश्न नको." वास्तविक भाच्याकडे वैध परवाना होता आणि मालकाच्या परवानगीने परवानाधारक कोणीही खासगी गाडी चालवली तरी पॉलिसी चालते. म्हणजे हे खोटे गरजेचेसुद्धा नव्हते. केवळ सवयीचे होते. वहिनींनी भाच्याचेच नाव लिहिले.

मग कंपनीने रोख तीन लाख दहा हजारांची तडजोड पुढे केली. मोडकी गाडी तुम्हीच ठेवा, भंगारवाला वर चाळीस हजार देईल, असाही सल्ला मिळाला. घरातले सगळे तयार झाले. वहिनींनी पॉलिसी काढून वाचली. त्यात गाडीची घोषित किंमत, म्हणजे आयडीव्ही, होती ४,८०,००० रुपये.

इथे प्रत्येकीने लक्षात ठेवावा असा नियम आहे. पॉलिसीच्या अटींप्रमाणे धरलेला दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात आणि आयडीव्हीइतकी भरपाई देतात. वहिनींच्या बाबतीत ही रेषा ३,६०,००० ची. सर्व्हेअरने खर्च धरला होता ३,५०,०००. वहिनींनी त्याच्या अहवालाची प्रत लेखी मागितली. गॅरेजच्या इस्टिमेटशी ओळ न् ओळ ताडून पाहिली, तर स्टिअरिंगचा आणि चासीचा असे दोन खर्च धरलेलेच नव्हते. दोन्ही मिळून २४,०००. त्यांनी एक पानाचे पत्र लिहिले. त्यात राग नाही, टोमणा नाही, फक्त आकडे. पुन्हा तपासणी झाली आणि खर्च निघाला ३,७४,०००. सक्तीचा वाट्याचा एक हजार वजा जाऊन ४,७९,००० मिळाले. मोडकी गाडी कंपनीने नेली. भंगाराचे चाळीस हजार धरूनही आधीची तडजोड १,२९,००० नी कमी पडत होती.

"भांडण म्हणजे कषाय," असे कोणी म्हणेल. खरे आहे, भांडू नका. पण हिशेब मागणे म्हणजे भांडण नव्हे. आपले आजे-पणजे पेढीवर बसून पै-पैचा मेळ घालत, तेव्हा त्यांना कोणी क्रोधी म्हणत नव्हते. "पैसा सोडणे हा अपरिग्रह," असेही ऐकते. आळसाने सोडलेला हक्क हा अपरिग्रह नाही. आधी आपले घ्या, मग मन झाले तर पांजरपोळाला द्या. विमा कंपनीला सोडलेल्या पैशाला दान म्हणत नाहीत.

बी.कॉम.ला विम्याच्या धड्यात पहिले तत्त्व शिकवीत ते परम सद्भावाचे. दोन्ही बाजूंनी काही लपवायचे नाही. दुसरे भरपाईचे. नुकसान भरून निघावे, नफा होऊ नये. आपल्या अणुव्रतांच्या इतके जवळचे तत्त्व व्यापारात क्वचितच सापडेल. म्हणून हे काम पुरुषांचे, एजंटचे म्हणून ढकलू नका.

घरातली पॉलिसी आज काढून बघा. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा आणि नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुधा वर्षाचाच असतो. सुनेची स्कूटर "पाच वर्षे विम्यात आहे" अशा भरवशावर आपण असतो आणि तिच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा कधीच संपलेला असतो. हप्ता कमी यावा म्हणून आयडीव्ही खाली आणू देऊ नका. पूर्ण नुकसानीत तोच आकडा हातात येतो.

चातुर्मासात आपल्याकडच्या नद्या फुगतात. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचे पाणी महाडमध्ये शिरले, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. पुराचे नुकसान सर्वसमावेशक पॉलिसीत येते. पण पाण्यात बुडालेली गाडी चालू करून पाहिली आणि इंजिन गेले, तर कंपन्या तो खर्च नाकारतात. चावी लावायची नाही. फोटो काढायचे, कंपनीला लगेच कळवायचे आणि गाडी ओढून न्यायची.

मोडकी गाडी दिली की विषय संपला, असेही नाही. नोंदणी आपल्या नावावरून उतरेपर्यंत, किंवा रद्द होईपर्यंत, पाठपुरावा सोडू नका. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की गाडी विकली असली तरी नोंदणीत ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. दुरुस्त होऊन ती गाडी कोणी रस्त्यावर आणली, तर नाव तुमचेच निघेल.

"पूर्ण व अंतिम" अशी पावती मन मानत नसेल तर सही करू नका. दबावाने किंवा फसवून सही घेतली असेल, तर ते सिद्ध करून पुढेही दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले आहे. पण सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. त्यापेक्षा आधीच थांबलेले बरे.

कंपनीने लेखी तक्रारीलाही दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही. अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत मोबदला मोजलेला असेल तर फी पडत नाही. इथे मोबदला म्हणजे आपण भरलेला हप्ता. अलिबाग आपल्याला परके नाही.

सामायिकाला बसतो तेवढा अठ्ठेचाळीस मिनिटांचा वेळ पॉलिसी वाचायला पुरतो. आधी वाचा, मग लिहा, मग सही करा. आणि कोणी कोरा फॉर्म पुढे केला, तर पेन खाली ठेवून शांतपणे म्हणा, "आधी भरून आणा. मी वाचते."